पडद्यावरून प्रत्यक्षात

*(चित्रपटात पाहिलेला यंत्रमानव टाकाऊ वस्तूंतून प्रत्यक्ष घडविणाऱ्या एका शिक्षकाची हकिकत या पाठात सांगितली आहे.)*

धुळ्याहून आग्र्याच्या वाटेने उत्तरेस निघाले, की सोनगीर लागते. गावाजवळच्या टेकडीवर जुना किल्ला आहे. परंतु खानदेशात सोनगीरची ख्याती आहे ती तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी. घरोघरची फुटकी, चेपलेली भांडी म्हणजे मोड. तांबटाच्या दृष्टीने मोड ही टाकून देण्याची वस्तू नव्हे. ती वितळवून तिचा पुन्हा पत्रा होतो, आणि हातोडीने ठोकून ठोकून त्या पत्र्याला गोलाई देता येते. ठोकता ठोकता तांबे कठीण होते; तसेच ठोकत राहिले, तर ते तडकते. म्हणून तांबट ते भट्टीत तापवून मऊ करतो आणि पुन्हा कामाला लागतो. घागर तयार झाली, की ती कितीही झळकत असो, तिची खरी परीक्षा एकच असते : तिच्यात पाणी भरून पाहावे. सांध्यातून पाणी झिरपले, तर ती शोभेची वस्तू ठरते. घागर ठरत नाही.

दिसणे निराळे आणि कामास येणे निराळे. चित्रपटाला मात्र नुसते दिसणेही पुरते. यंत्रमानवाचेच उदाहरण घ्यावे. त्याला ‘रोबोट’ हे नाव मिळाले ते कारेल चापेक या चेक लेखकाच्या 1920 सालच्या नाटकावरून. त्या शब्दाच्या मुळाशी वेठबिगार असा अर्थ आहे. पुढे 1927 साली ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटात धातूची स्त्री प्रेक्षकांसमोर चालू लागली. पण ती धातूची नव्हतीच! लाकडी लगद्याच्या कवचाला धातूसारखा रंग दिला होता आणि आत एक अभिनेत्री उभी होती. 1977 सालच्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटात आर-टू डी-टू नावाचा पिंपासारखा ठेंगणा यंत्रमानव होता. कित्येक प्रसंगी त्याच्याही पोटात चार फुटांहून कमी उंचीचा एक नट बसलेला असे.

हा ठेंगू यंत्रमानव पाहून देशोदेशींचे हौशी कारागीर त्याच्या मूळ आकाराच्या चालत्या प्रतिकृती करू लागले. आता आत माणूस बसविण्याची सोय नव्हती. पायांत मोटारी आणि बॅटऱ्या, ॲल्युमिनियमचा घुमटाकार माथा फिरविण्यास आणखी एक मोटार, आणि सर्वांना दुरून आज्ञा देणारे बिनतारी यंत्र, अशी जुळणी त्यांना करावी लागली. वजनाचा तोल साधला नाही, तर असे यंत्र लहानशा उंचवट्यावरही कलंडते. चुका शोधीत आणि सुधारीत या मंडळींनी आपली विद्या वाढविली. त्यांपैकी दोघे तर इतके वाकबगार झाले, की 2015 साली प्रदर्शित झालेल्या त्याच मालिकेतील चित्रपटासाठी हा यंत्रमानव घडविण्याचे काम त्यांच्याकडेच आले!

भारतातही असेच एक उदाहरण घडले. 2010 साली ‘एंदिरन’ हा तमिळ चित्रपट निघाला. हिंदीत तो ‘रोबोट’ या नावाने आला. त्यातील चिट्टी नावाच्या यंत्रमानवाची भूमिका रजनीकांत यांनी केली. त्यांचे मूळ नाव शिवाजीराव गायकवाड. बंगळूर येथील एका मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पडद्यावरचा चिट्टी पाहताना प्रेक्षक थक्क झाले. अर्थात ती सारी नटाची आणि तंत्रज्ञांची करामत होती.

हा चित्रपट मुंबईतील एका शिक्षकाच्या मनात घर करून राहिला. त्यांचे नाव दिनेश पटेल. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या आवारातील केंद्रीय विद्यालयात ते संगणकशास्त्र शिकवीत असत. माणसाशी बोलणारे यंत्र आपणही करावे, असे त्यांनी ठरविले. प्लॅस्टिक, पुठ्ठा, लाकूड, ॲल्युमिनियम अशा टाकाऊ वस्तू त्यांनी कामी आणल्या. तीन वर्षे खटपट चालली आणि सुमारे 50,000 रुपये खर्च आला. या यंत्रस्त्रीचे नाव त्यांनी ‘शालू’ ठेवले. 2021 साली तिची वार्ता वृत्तपत्रांतून सर्वत्र पसरली. शालू मराठी, हिंदी, भोजपुरी, बंगाली, गुजराती, तमिळ, तेलुगू, मल्याळम आणि नेपाळी या 9 भाषा, तसेच 38 परदेशी भाषा बोलू शकत होती. ती हस्तांदोलन करी, माणसांचे चेहरे ओळखी आणि गणिताच्या व सामान्यज्ञानाच्या प्रश्नांची उत्तरे देई.

अशा यंत्राचे काम कसे चालते? मनुष्य बोलतो, तेव्हा हवेत कंप उठतात. ध्वनिग्राहक त्या कंपांचे विजेच्या संकेतांत रूपांतर करतो. संगणक त्या संकेतांतून शब्द ओळखतो, योग्य उत्तर निवडतो आणि ते ध्वनिक्षेपकातून ऐकवितो. चेहरा ओळखताना कॅमेऱ्यातील चित्र आधी साठविलेल्या चित्रांशी ताडून पाहिले जाते. हात हलतात ते मोटारींच्या बळावर. यांतील एक दुवा जरी निसटला, तरी यंत्र मुके तरी होते, नाही तर पांगळे.

शालू म्हणजे चिट्टी नव्हे. सिनेमातल्या चिट्टीसारखे पराक्रम तिला साधणारे नव्हते. मनुष्याने घालून दिलेल्या आज्ञावलीच्या आधारेच ती बोले. तिचा चेहरा प्लॅस्टरचा होता, आणि ती लोकांपुढे आली तेव्हा त्यावर मुखवटा चढविण्याचे काम पुरे व्हावयाचे होते. पण त्यामुळे तिचे काही अडले नाही. पडद्यावर मुखवटा पुरा होता आणि आत माणूस होता. येथे मुखवटा अपुरा होता, परंतु आत खरोखरच यंत्र होते. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते स्वतः देत होते.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. कामाचेही तसेच आहे. सोनगीरच्या तांबटाला हे कोणी शिकवावे लागत नाही. मोडीतून केलेली घागर तो पाण्याने भरतो, उचलून धरतो आणि तिच्या बुडाकडे निरखून पाहतो.

स्वाध्याय

1. ‘मोड’ म्हणजे काय? तांबट तांबे पुन्हा पुन्हा का तापवितो?
2. चित्रपटातील यंत्रमानव आणि त्याची चालती प्रतिकृती यांत कोणता भेद आहे?
3. शालू घडविण्यासाठी कोणत्या वस्तू वापरल्या होत्या?
4. ‘मुखवटा अपुरा होता, परंतु आत खरोखरच यंत्र होते’, या वाक्याचे मर्म सांगा.
5. घरातील टाकाऊ वस्तूंपासून कामास येणारी एखादी वस्तू तयार करा. ती करताना काय चुकले व ते कसे सुधारले, हे दहा ओळींत लिहा.