नवी बॅटरी घेण्याआधी मीटर लावा

पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन आलात, नाशिक रोड स्टेशनबाहेर उभ्या गाडीत बसलात आणि सेल्फ नुसता 'टक' करतोय? बिटको पॉइंटला नवी बॅटरी घ्यायला पळू नका. जंपर लावून गाडी घरी आणा. दोष शोधायला पेट्रोल-डिझेल गाडीला साधा डिजिटल मीटर पुरतो.

१. गाडी रात्रभर बंद ठेवा. लगेच मोजलंत तर आकडा फुगीर येतो.

२. सकाळी मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल वायर अँपिअरच्या भोकात नको, शॉर्ट होईल!

३. बॅटरी मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी.

४. १२.४ च्या खाली असेल तर चार्जरवर भरून घ्या. अर्धमेल्या बॅटरीवर पुढचे आकडे फसवतात.

५. टर्मिनल हाताने हलवून बघा. हललं, तर चोर बहुधा इथेच आहे.

६. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर केबल सोडवा. काळी आधी, लाल नंतर.

७. सोडा घातलेल्या गरम पाण्याने घासून कोरडं करा. पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका.

८. केबल परत आवळा. आता लाल आधी.

९. इंजिन बंद असतानाच, बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरचा बेल्ट दाबून बघा. सैल किंवा चिरलेला असेल तर आधी तो.

१०. चावी 'ऑन' करा. बॅटरीचा दिवा पेटलाच नाही तर फ्यूज आणि वायर बघा.

११. इंजिन सुरू करा. दिवा विझायला हवा. ओढणी, बाह्या पंख्यापासून लांब!

१२. हेडलाइट लावून बॅटरी मोजा. १३.५ ते १४.७ उत्तम, १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय. चालू इंजिनवर केबल काढून बघायची जुनी युक्ती मात्र विसरा, ईसीएम (गाडीचा कॉम्प्युटर) जळू शकतो.

१३. आकडा कमी आला? अल्टरनेटरचा जाड बोल्ट आणि बॅटरीचा प्लस यांच्यात मोजा. ०.२ च्या वर म्हणजे वायर खराब, अल्टरनेटर नव्हे. पाना त्या बोल्टला लावू नका, तिथे थेट करंट असतो.

१४. तसंच अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यात मोजा. इथेही ०.२ च्या वर गेलं तर अर्थिंग घासून आवळा. ही पायरी गाळू नका.

१५. दोन्ही ठीक, तरी आकडा १३ च्या खाली? आता वायरमन गाठा. आधी अल्टरनेटरचे ब्रश आणि रेग्युलेटर बघायला सांगा. बऱ्याच गाड्यांचे ते सुटे मिळतात.