अंगावरून वारे गेले तर

घरातला वडील माणूस ओट्यावर चहा पीत बसला आहे. चहा ओठाच्या एका कडेने गळू लागतो. बशी हातातून निसटते. काय झाले विचारले तर शब्द बोबडे येतात. शेजारीपाजारी जमतात आणि म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." मग कोणी तेल चोळते, कोणी कबुतराचे रक्त लावायला सांगते, कोणी देवऋष्याकडे धावते. या धावपळीत दुपार सरते.

वाऱ्याचा यात काही संबंध नाही. पाटात गाळ अडकला की पुढचे वाफे कोरडे पडतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. मेंदूतही रक्ताचे पाट आहेत. त्यांतल्या एखाद्यात रक्ताची गाठ अडकली की पुढचा मेंदू उपाशी राहतो आणि मरू लागतो. मेंदू बारीक बारीक पेशींचा बनलेला असतो. मोठी नळी अडकली तर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असे शास्त्रज्ञांनी मोजले आहे. वाफा दोन दिवस तग धरील, मेंदू धरत नाही. हात, पाय, वाचा जाते ती यामुळे.

ही गाठ विरघळवणारे इंजेक्शन आहे. पण ते पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. जितके लवकर तितके बरे. शिवाय एक अडचण आहे. काही जणांची नळी अडकत नाही, फुटते. पाट फुटावा तसे रक्त मेंदूत पसरते. अशा माणसाला हेच इंजेक्शन दिले तर जिवावर बेतेल. वरून दोघेही रोगी सारखेच दिसतात. फरक कळतो तो सीटी स्कॅन यंत्राने काढलेल्या मेंदूच्या चित्रातून. म्हणून गावच्या डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन टोचले नाही तर त्यांच्यावर रागावू नये.

आता हे चित्र वाचणारे मेंदूचे तज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांत. मग करायचे काय? हिमाचल प्रदेशाने २०१४ साली यावर वाट काढली. तो सारा डोंगरी मुलूख. वळणावळणाचे घाट, हिवाळ्यात बर्फ. रोग्याला सिमल्याला न्यायचे तर वेळ रस्त्यातच सरायची. म्हणून जिल्ह्याच्या ज्या सरकारी दवाखान्यांत सीटी स्कॅनचे यंत्र होते, तिथल्याच डॉक्टरांना शिकवून तयार केले. रोगी आला की ते चित्र काढीत आणि मोबाइलवरून सिमला किंवा टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञांना पाठवीत. तज्ज्ञ चित्र पाहून सांगत, "द्या" किंवा "देऊ नका". महागाचे इंजेक्शन सरकारने फुकट दिले. आपण लग्नाचे फोटो पाठवतो तोच फोन, बरे का! पण आम्हांला खरे कौतुक वाटते ते जिल्ह्याच्या साध्या डॉक्टरांचे. त्यांनी हे जोखमीचे काम अंगावर घेतले.

आपल्याकडे २०१९ पासून सरकारची ई-संजीवनी आहे. तिच्यावर डॉक्टर फोनच्या पडद्यावर भेटतात. रक्तदाबाच्या गोळ्या विचारायला ती चांगली. झटका आला असता मात्र घरी बसून फोनवर सल्ला घेत राहू नका. फोनमध्ये सीटी स्कॅन नाही.

हसायला सांगा, तोंड वाकडे होते का पाहा. दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली पडतो का पाहा. एखादे वाक्य बोलायला सांगा. यांतले एक जरी बिघडले तरी १०८ लावा आणि सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यातच न्यायला सांगा. तोंडात पाणी घालू नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जाते. गोळीही नको.

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील, "किती वाजता सुरू झालं?" न्याहारीच्या सुमारास, हे उत्तर चालत नाही. घड्याळ पाहून वेळ कागदावर लिहा. आता लिहिता येते ना! रात्री नऊला धडधाकट झोपला आणि पहाटे पाचला असा सापडला, तर वेळ नऊपासून धरतात. तरीही न्यावेच, दुसरे उपायही असतात. चालू औषधांची पिशवी बरोबर घ्या. रक्त पातळ करणारी गोळी आहे का, हे डॉक्टरांना कळलेच पाहिजे. गाडीत बहुधा पुरुषमंडळी चढतात आणि ज्या सुनेने पहिल्यांदा पाहिले ती घरीच राहते. तिला आधी गाडीत बसवा.