संगणक कक्षाची अग्निसुरक्षा : निवडीचे निकष

दि. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयास लागलेल्या आगीत पाच जणांचे प्राण गेले व हजारो फायली भस्मसात झाल्या. आपल्या रुग्णांच्या नोंदी संगणक कक्षात साठतात. त्यासाठी आम्ही अग्निशमनाचे पर्याय तपासले. पाण्याने व कोरड्या पावडरीने यंत्रे निकामी होतात. कार्बन डायऑक्साइडने कक्ष भरल्यास आतील कर्मचाऱ्याच्या जिवावर बेतते. ओझोन थरास घातक असलेल्या हॅलॉनचे उत्पादन मॉन्ट्रियल करारान्वये २०१० पासून बंद आहे. नायट्रोजन-आर्गॉन मिश्रण प्राणवायू सुमारे १२ टक्क्यांवर आणून आग विझविते व माणसास बाहेर पडण्यास अवधी देते. म्हणून त्यास आमचे प्राधान्य. मात्र कक्षाची दारे-फटी घट्ट बंद हव्यात. मालवण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत सिलिंडर गंजतात. तेव्हा देणगीदारांनी खरेदीबरोबरच वार्षिक देखभालीसही हातभार लावावा, ही नम्र विनंती.