व्हॉल्व्ह निवडताना आधी खोली बघ

अगं, तुझा कागद बघितला. ईएल८४, ६व्ही६, ६एल६, ईएल३४, केटी८८, ३००बी. नावं एकाखाली एक आणि प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह. चार रात्री डोकं धरून बसली आहेस, हे अक्षरावरूनच कळतंय. आधी चहा ठेव, मग माझं ऐक.

खरं सांगू का, ही यादी तू उलटीकडून वाचतेयस. यातला चांगला व्हॉल्व्ह कुठला, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. त्याआधी तीन प्रश्न: खोली केवढी, स्पीकर कुठले आणि ट्रान्सफॉर्मर कोण गुंडाळून देणार? एवढी उत्तरं लिहिलीस की अर्धी नावं आपोआप गळतील.

तुझ्या स्पीकरच्या मागे ८८ डेसिबल लिहिलंय ना? म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज. दहा वॅटला ९८. आणि तीस वॅट ओतलेस तरी १०३ च्या आतच. बघ, वॅट तिप्पट, आवाज मात्र जेमतेम पाच डेसिबल वाढला. घरात दोन माणसं बोलतात तो आवाज साठेक डेसिबल असतो, त्यावरून अंदाज कर. दहा बाय बाराच्या खोलीत दहा वॅट म्हणजे शेजारच्या काकू दार वाजवणार. भांडं मोठं म्हणून भात चांगला होत नाही गं. माणसं किती ते बघून आधण ठेवायचं.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. पहिल्या अँपला ईएल८४ ची जोडी घे, पुश-पुल. डावी-उजवी धरून चार व्हॉल्व्ह. हा बोटाएवढा, नऊ पायांचा व्हॉल्व्ह. प्लेटची मर्यादा १२ वॅट, पण जोडीने दहा वॅट आरामात देतो. शिवाय त्याला पुढून फार रेटा लागत नाही. एका बाजूला एक ईसीसी८३ पुरतो. १९५४ मध्ये मुलार्ड या व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीने घरी जोडणाऱ्यांसाठी '५-१०' हे डिझाइन काढलं, पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट, त्यात आउटपुटला हीच जोडी होती. तेव्हापासून असंख्य लोकांनी या वाटेने पहिला अँप बांधलाय. तूही बांधशील.

६व्ही६ घरात पडलेले असतील तर तेही चालतील, स्वभाव गोड आहे त्यांचा. फक्त त्यांना पुढून जास्त सिग्नल द्यावा लागतो. ईएल३४ आणि केटी८८ मोठ्या हॉलसाठी ठेव. आणि ३००बी वर तुझं मन बसलंय, ते कळतं मला. पण एकटा वापरला तर आठ वॅटच देतो, त्याच्या फिलामेंटला वेगळे ५ व्होल्ट लागतात, ते नीट नसले तर स्पीकरमधून गुणगुण ऐकू येते, आणि किंमत अशी की पहिल्याच प्रयोगात हात कापतो. तिसऱ्या अँपला घे. मी स्वतः सोबत येईन.

हे सगळं मी ठामपणे सांगतेय कारण मी चुकले होते. माझ्या पहिल्या अँपला नाव मोठं म्हणून चार ईएल३४ आणले. ट्रान्सफॉर्मर आधीच गुंडाळून घेतला होता, हीटरची वाइंडिंग ४ अँपिअरची. ईएल३४ च्या एका हीटरला दीड अँपिअर लागतो, चारांना सहा. हा गुणाकार मी केलाच नव्हता. चालू केल्यावर ६.३ च्या जागी मीटर ५.७ दाखवत होता, आणि अर्ध्या तासात व्हार्निशचा वास घरभर पसरला. तो ट्रान्सफॉर्मर गेला, आणि वर्षभर मी त्या कामाला हात लावला नाही. तुझं ते वर्ष जाऊ नये, एवढंच वाटतं.

तेव्हा व्हॉल्व्हच्या आधी ट्रान्सफॉर्मर. आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर कंजुषी करू नकोस, खरा पैसा तिथेच घाल. पुश-पुलमध्ये दोन व्हॉल्व्हचे डीसी प्रवाह गाभ्यात एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात, म्हणून गाभा लहान चालतो. पण दोघांचे प्रवाह सारखे असले तरच, म्हणून जोडी जुळवलेली घ्यायची. एकच व्हॉल्व्ह वापरलास तर गाभ्यात फट ठेवून मोठा ट्रान्सफॉर्मर करावा लागतो. म्हणजे सोपं वाटणारं सर्किट महाग पडतं.

आता खरेदी. नवे ईएल८४ रशिया आणि स्लोव्हाकियात अजून बनतात. जुने हवे असतील तर बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, बीईएल छापलेले, शोध. आपल्याकडच्या जुन्या रेडिओंमध्ये त्यांचेच व्हॉल्व्ह असायचे. लॅमिंग्टन रोडला किंवा चोरबाजारात जाशील तेव्हा व्हॉल्व्ह उजेडात धर आणि काचेचा माथा बघ. आतून आरशासारखा चंदेरी डाग दिसला तर ठीक. तोच डाग दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलीय, मुकाट्याने परत ठेव. काचेवरची छपाई पुसटली असेल तर मात्र बिघडत नाही.

बायसची भीती वाटते म्हणालीस. बघ, भाजीच्या हिशोबाएवढंच गणित आहे. प्रत्येक व्हॉल्व्हच्या कॅथोडला २७० ओहमचा वेगळा रेझिस्टर लाव आणि त्याच्या दोन टोकांना मीटर धर. १०.८ व्होल्ट आले? भागिले २७०, म्हणजे ४० मिलिअँपिअर. त्यातले चारेक स्क्रीन ग्रिडचे, उरले ३६. प्लेट ते कॅथोड २८५ व्होल्ट असतील तर गुणाकार सव्वादहा वॅट. मर्यादा बारा. म्हणजे व्हॉल्व्ह सुखात आहे. चारही रेझिस्टरवर जवळपास सारखा आकडा आला की जोडी जुळली समज. अंधारात एखादी प्लेट लाल दिसायला लागली तर विचार करत बसू नकोस, लगेच बंद कर. बहुतेक वेळा ग्रिडकडे जाणारा जुना कंडेन्सर गळत असतो. तो नवाच घालायचा, तिथे जुन्याचा मोह नको.

आणि एक गोष्ट मी मोठी म्हणून दटावून सांगणार. अँप बंद केला तरी कंडेन्सरमध्ये ३०० व्होल्ट बसून असतात. त्यावर २२० किलोओहमचा रेझिस्टर कायमचा जोड, आणि आत हात घालण्याआधी प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, मीटरने शून्य बघ. चालू असताना मोजायचं तर एक हात पाठीमागे. स्पीकर जोडल्याशिवाय अँप चालवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. झोप आली असेल तर काम बंद. हे वचन दे मला.

आता तो कागद उलटा कर आणि मागे लिही: आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोन, पुश-पुल, प्लेट ते प्लेट ८ किलोओहम, दुसरी बाजू ८ ओहम. मेन ट्रान्सफॉर्मर एक, ३०० व्होल्ट डीसी निघेल असा, २०० मिलिअँपिअर. हीटर ६.३ व्होल्ट, चार ईएल८४ चे ३.०४ आणि दोन ईसीसी८३ चे ०.६, मिळून ३.६४ अँपिअर, म्हणून वाइंडिंग ५ अँपिअरची सांग. झालं. उद्या ही चिठ्ठी घेऊन वाइंडिंगवाल्याकडे जा. पहिल्यांदा चालू करशील तेव्हा मला बोलव, मीटर मी धरते.