मुखपट्टी आणि दोन पिढ्या

वस्त्र स्वतःच्या रक्षणासाठी वापरायचे, हे आपण लहानपणीच शिकतो. दुसऱ्याच्या रक्षणासाठी ते वापरायचे, ही कल्पना मात्र कोविडच्या साथीत आपल्यासमोर नव्याने आली. त्या काळात तरुणांनी व वृद्धांनी मास्क कसा वापरला, याविषयी दिंडोरी तालुक्यातील आमच्या गावात मी जे पाहिले, ते येथे मांडीत आहे.

नाकतोंड झाकणे आमच्या भागाला अपरिचित नाही. द्राक्षबागेत औषध फवारताना आणि धुळीच्या रस्त्याने मोटारसायकलवर जाताना माणसे रुमाल बांधतात. हा रुमाल बांधणाऱ्याच्याच बचावासाठी असतो. २०२० साली मास्क सक्तीचा झाला, तेव्हा गावाने त्याचाही हाच अर्थ लावला. मृत्यूचा धोका वयाबरोबर झपाट्याने वाढतो, हे ऐकून आम्ही तरुण म्हणू लागलो, “आपल्याला काय होतंय?” मास्क हनुवटीवर राही आणि पोलीस दिसला की नाकावर चढे.

वृद्धांची गोष्ट निराळी होती. धोका त्यांनाच अधिक, आणि मास्कची अडचणही त्यांनाच अधिक. चष्म्यावर वाफ धरे. चढण चढताना दम कोंडे. माझ्या आजोबांना कमी ऐकू येते. समोरच्याच्या ओठांकडे पाहून ते बोलणे समजून घेतात. “तोंड झाकून बोलतोस, मग मला कळायचं कसं?” असे ते म्हणत, आणि मी मास्क खाली ओढून मोठ्याने बोले. स्वतः आजोबा उपरण्याने तोंड झाकीत, पण बोलताना तेही बाजूला सारीत. म्हणजे ज्या क्षणी झाकण्याची गरज, नेमक्या त्याच क्षणी दोघांचीही तोंडे उघडी! आम्ही वृद्धांना अडाणी म्हणत होतो आणि ते आम्हाला बेफिकीर.

हा विषाणू खोकताना, तसाच बोलताना व श्वास सोडतानाही बाहेर पडतो. लक्षणे दिसण्यापूर्वीही तो पसरतो. म्हणून धडधाकट वाटणाऱ्यानेही मास्क लावणे आवश्यक होते. या संदर्भात बांगलादेशातील एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात तेथील ६०० खेड्यांत सुमारे ३ लाख ४२ हजार प्रौढांचा अभ्यास झाला. निम्म्या खेड्यांत मास्क वाटून लोकांना समजावले गेले. तेथे मास्कचा योग्य वापर सुमारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला. जेथे सर्जिकल मास्क वाटले, तेथे लक्षणांसह झालेली लागण एकूण ११ टक्क्यांनी, तर साठीपुढच्यांत ३५ टक्क्यांनी घटली. गावातील निम्म्याहून कमी लोकांनी मास्क लावूनही सर्वाधिक लाभ वृद्धांच्या पदरात पडला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

एप्रिल २०२१ मध्ये मी बारावीत होतो. मला दोन दिवस ताप आला आणि गेला. आठवड्याने आजीला ताप भरला. तिला नाशिकला न्यावे लागले. ती घरी परतली. पण पूर्वी डोक्यावर हंडा घेऊन चालणारी आजी आता ओट्यापर्यंत येताना दोनदा थांबते. रोग माझ्यामुळेच घरात आला, असे सिद्ध करता येणार नाही. माझ्यामुळे आला नाही, असेही मला म्हणता येत नाही.

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, महाराष्ट्रातील मास्कसक्ती उठली. पुन्हा अशी वेळ आली, तर तरुणाने ‘मला काय होईल?’ याऐवजी ‘माझ्यामुळे कोणाला काय होईल?’ असे स्वतःला विचारावे. वृद्धांनाही नुसते दटावू नये. कमी ऐकणाऱ्या माणसाशी अंगणात, अंतर राखून, सावकाश बोलता येते; पाटीवर चार शब्द लिहूनही दाखवता येतात. एवढे साधे उपाय मला तेव्हा सुचले नाहीत, ही खंत आहे. ती इतरांच्या उपयोगी पडावी, म्हणून हा लेख.