मुके झालेले इंजिन : छोट्या आगगाडीतील दोष कसा शोधावा?



बेळगावच्या फलाटावर उभे राहून इंजिनाची घरघर आणि भोंगा ऐकण्याचा मोह लहानथोरांपैकी कोणास होत नाही? निपाणीस रेल्वे नाही. तेथील मुलांना गाडी पाहावयाची तर दुसऱ्या गावचे स्थानक गाठावे लागते. ह्या ओढीतूनच पुष्कळांना छोट्या आगगाड्यांचा छंद जडतो. पुण्यातील कोथरूड भागात भाऊ जोशी ह्यांनी अशाच छंदातून उभारलेले लहान आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुले झाले.

अलीकडे अशा छोट्या इंजिनाच्या पोटात खऱ्या इंजिनाचा आवाज काढणारे यंत्रही बसविलेले असते. परंतु हे महागाचे इंजिन एके दिवशी मुके झाले, अथवा जागचे हलेनासे झाले, तर काय करावे? ह्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

इंजिनास आज्ञा कशी कळते?

जगात सर्वांत अधिक प्रचलित असलेल्या ‘एच-ओ’ मापात प्रत्येक वस्तू मूळच्या एक सत्त्याऐंशीअंश असते, आणि दोन रूळांतील अंतर १६.५ मिलिमीटर. जुन्या पद्धतीत रूळांतून थेट मोटारीस वीज मिळे. त्यामुळे एका रूळावर दोन इंजिने ठेवली की दोन्ही एकदम धावत. नव्या अंकीय पद्धतीत रूळांमध्ये सुमारे १५ व्होल्टचा दाब सतत असतो व त्याची दिशा अत्यंत वेगाने पालटत असते. ह्या पालटण्याच्या अवधीतच आज्ञा दडलेली असते. प्रत्येक दिशा एका सेकंदाच्या दशलक्षांश मापाने ५८ भाग टिकली तर तो अंक ‘एक’. १०० भाग किंवा त्याहून अधिक टिकली तर ‘शून्य’. इंजिनातील डिकोडर, म्हणजे संकेत वाचणारी चकती, हे अंक वाचते आणि त्याप्रमाणे मोटार, दिवे व आवाज चालविते. ह्या पद्धतीचा पाया जर्मनीतील लेन्झ ह्या संस्थेने घातला आणि पुढे १९९०च्या दशकात अमेरिकेतील छांदिष्टांच्या राष्ट्रीय संघटनेने तिचे प्रमाण ठरविले.

प्रत्येक आज्ञेत तीन गोष्टी असतात : इंजिनाचा पत्ता, काम, आणि पडताळ्याचा अंक. समजा, पत्ता ००००००११ (म्हणजे ३) आणि काम ०१११०१०० आहे. दोहोंतील अंक एकाखाली एक मांडावे. सारखे असतील तेथे शून्य व भिन्न असतील तेथे एक लिहावा. उत्तर येते ०१११०१११. हाच पडताळा. तो जुळला नाही तर डिकोडर ती आज्ञा टाकून देतो. म्हणून मळक्या रूळावरील इंजिन सहसा भलतीच आज्ञा पाळीत नाही. ते आज्ञाच पाळीत नाही. हे ध्यानी ठेवले म्हणजे निम्मे काम झाले.

बाहेरून आत

वैद्य रोग्याचे पोट फाडण्यापूर्वी नाडी पाहतो. येथेही तोच क्रम ठेवावा : प्रथम रूळ, मग चाके, मग पत्ता, मग तारा, आणि सर्वांच्या शेवटी डिकोडर. इंजिनाचे कवच उघडण्याची घाई करू नये.

पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. त्याच जागी दुसरे चांगले इंजिन ठेवावे. तेही चालले नाही तर दोष रूळात किंवा वीज पुरविणाऱ्या यंत्रात आहे. ते चालले तर दोष आपल्या इंजिनात आहे. एका मिनिटात अर्धे जग वगळले गेले!

लक्षणे व उपाय

१. आवाज तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. वीज क्षणभर खंडित होत असल्याची ही खूण होय. आपल्याकडील पावसाळी दमट हवेत, तसेच धुळीत, रूळांवर व चाकांवर काळा थर बसतो. स्वच्छ फडके आयसोप्रोपिल अल्कोहोलात किंचित भिजवून रूळ पुसावे. ज्योतीपासून दूर, खिडकी उघडी ठेवून हे काम करावे. जाड पॉलिश पेपर वापरू नये. त्याच्या ओरखड्यांत मळ अधिक साचतो. गाडी ठरावीक सांध्यावरच अडखळत असेल तर दोष इंजिनाचा नसून त्या सांध्याचा आहे.

२. आवाज येतो, पण इंजिन हलत नाही. थोडे थांबावे. पुष्कळ डिझेल इंजिनांच्या नमुन्यांत सुरू होण्याचा आवाज पुरा होईपर्यंत गाडी मुद्दामच हलत नाही. त्यानंतरही हलली नाही तर चाकांत केस किंवा दोरा गुंतला आहे काय, दाते अडकले आहेत काय, ते पाहावे. मग मोटारीच्या तारा तपासाव्या. प्रमाणानुसार मोटारीच्या तारा नारिंगी व करड्या, तर रूळांकडून येणाऱ्या तांबड्या व काळ्या असतात.

३. इंजिन धावते, पण मुके आहे. आवाज बंद करण्याची कळ चुकून दाबली गेली आहे काय, किंवा आवाजाची पातळी शून्यावर आहे काय, हे आधी पाहावे. मग वीज बंद करून स्पीकरच्या तारा डिकोडरपासून सोडवाव्या आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभरच टेकवावा. ‘टक्’ असा आवाज आला तर स्पीकर जिवंत आहे. दोष पुढे शोधावा.

४. दिवे लागतात, पण आज्ञा पाळत नाही. पत्ता बदललेला असण्याचा संभव आहे. नव्या इंजिनाचा पत्ता बहुधा ३ असतो. तो वापरून पाहावा. पत्ता पुन्हा लिहावयाचा तर लेखनासाठी राखलेल्या रूळावर एकच इंजिन ठेवावे, नाहीतर तेथील सर्व इंजिनांना एकच पत्ता मिळेल. पुष्कळ डिकोडरांत आठव्या नोंदीत ८ लिहिल्यास सर्व मूळ स्थितीस येते, परंतु हा शेवटचा उपाय होय. आपण केलेल्या नोंदी आधी वहीत उतरवाव्या आणि सोबतचे माहितीपत्रक वाचावे.

५. रूळावर ठेवताच वीज बंद पडते. हे शॉर्ट झाल्याचे लक्षण. पुन्हा पुन्हा वीज सुरू करून पाहू नये. चाक रूळावरून घसरले असेल, अथवा मोटारीचे टोक धातूच्या सांगाड्यास टेकले असेल. असे टेकणे डिकोडरास क्षणात जाळू शकते. जळका वास आला तर तत्काळ वीज तोडावी.

तीन नियम

एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले आणि इंजिन चालू लागले, तर कोणत्या बदलाने ते चालले हे कधीच कळत नाही, आणि दोष परत आला की आपण पुन्हा अज्ञानातच. दुसरे, प्रत्येक परीक्षा व तिचे फळ वहीत लिहावे. तिसरे, डाख देण्याचे काम वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली आणि वीज पूर्ण तोडूनच करावे.

बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यांत यंत्र बंद पडले तर कुशल कारागीर हेच करतो : आधी ऐकतो, मग पाहतो, मग एकेक कारण वगळीत जातो. हातोडा किंवा नवा भाग त्याच्या हाती सर्वांत शेवटी येतो. ‘डिकोडर गेला’ असे म्हणून पुष्कळ चांगली इंजिने कपाटात पडून राहतात; प्रत्यक्षात दोष असतो तो चाकावरच्या काळ्या थराचा. तेव्हा मित्रहो, घरातील कोणतीही वस्तू मुकी झाली की ‘बिघडली’ हा निकाल देण्यापूर्वी कोणते कारण आपण वगळले आहे, ते स्वतःस विचारावे. उत्तर वहीत नसेल तर तपास अजून सुरूच झालेला नाही.