गोधडीचा काठ

जुन्या वस्त्राने मराठी घराची केलेली अखेरची सेवा म्हणजे गोधडी. लुगडे विरले, धोतर फाटले, परकर तोकडा झाला, तरी पूर्वी कोणी ते टाकून देत नसे. अशी वस्त्रे स्वच्छ धुऊन, थरावर थर अंथरून धावदोऱ्याने शिवली, की थंडीवाऱ्यात साऱ्या घराला पुरेल अशी ऊब तयार होई. कोठे हिला गोधडी म्हणतात, कोठे वाकळ. बंगालमध्ये अशाच जुन्या साड्यांची 'कांथा' होते आणि तिच्यावरील नक्षीसाठी साडीच्याच काठातून रंगीत धागे काढून घेण्याची तेथे रीत होती.

गोधडीचे आयुष्य मात्र तिच्या कडेवर अवलंबून असते. पांघरूण ओढताना हात पडतो तो कडेवर. धुऊन वाळत घातले, की पाण्याचा भार येतो तोही कडेवर. कड उसवली म्हणजे आतले थर एकेक करून बाहेर डोकावू लागतात. म्हणून गोधडीला काठ कसा लावावा, हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. एका घरात तो एकदा फारच अवघड होऊन बसला, त्याची ही हकीकत आहे.

त्या काळी गावातील शाळा सातवीपर्यंतच होती. सातवी उत्तीर्ण झालेली एक मुलगी जून महिन्यात तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहावयास जाणार होती. तिच्यासाठी आजीने गोधडी शिवावयास घेतली होती. मे महिन्याच्या अखेरीस गोधडीचे अंग पुरे झाले. कडा आत दुमडून झाल्या. राहिला तो फक्त काठ.

आजीने पेटी उघडली आणि तळाशी जपून ठेवलेले एक इरकली लुगडे बाहेर काढले. ते मुलीच्या आईचे होते. धाकट्या मुलाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत ती माउली निवर्तली होती.

"आजी, हे कापायचं नाही," मुलगी एकदम म्हणाली.

आजीने वाद घातला नाही. तिने लुगडे नातीच्या हाती दिले आणि म्हटले, "तूच उलगडून पाहा."

मुलीने हलक्या हाताने घडी मोडली. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले ते वस्त्र घडीघडीवर चिरत चालले होते. अंगाचा भाग बोट लागताच विरत होता. पायाकडचा काठही झिजला होता. फक्त वरचा काठ अजून शाबूत होता, कारण काठाची वीण अंगापेक्षा दाट असते.

"बाळ, पेटीत ठेवलं तर ते पेटीचं," आजी शांतपणे म्हणाली, "आणि गोधडीला लावलं तर तुझं. पण कापायचं की नाही, ते तू सांग. कात्री एकदा चालली, की मागे येत नाही."

मुलगी बराच वेळ बोलली नाही. मग तिने विचारले, "पण तो पुरेल का?"

आजी मनात हसली. नातीच्या प्रश्नातच होकार होता.

दोघींनी मापे घेतली. आजीचे माप हाताचे. एक हात म्हणजे चोवीस बोटे, सुमारे दीड फूट. मुलीने गोधडीच्या कडेवर दोरी धरली, तेव्हा आजीने तिला थांबविले. "कड शिवताना ताणली जाते, म्हणून ती खोटं बोलते. माप मधोमध घ्यावं." खरोखरच कडेवर लांबी ११० बोटे भरली, तर मध्यावर १०८. काठ ११० बोटांचा कापला असता, तर गोधडीला कायमची लाट पडली असती. तेव्हा लांबी १०८ बोटे आणि रुंदी ७२ बोटे धरण्याचे ठरले.

लुगडे नऊ वारांचे, म्हणजे अठरा हातांचे. परंतु पदराकडील चार हात काठ जीर्ण झाला होता. उरला चौदा हात, म्हणजे ३३६ बोटे. त्याची रुंदी चार बोटे होती.

मुलगी पाटी घेऊन बसली. काठ लावण्याच्या रीती आजीने एकेक करून सांगितल्या.

पहिली रीत तिरप्या कोपऱ्याची. चारही पट्ट्या पूर्ण लांबीच्या घ्यायच्या आणि कोपऱ्यात तिरप्या दुमडून जुळवायच्या. दिसावयास ही सर्वांत सुबक. पण हिला गोधडीच्या घेराइतका, म्हणजे ३६० बोटे काठ हवा. दुसरी रीत सरळ जोडाची. दोन लांब पट्ट्या आधी लावायच्या आणि त्यांच्या मध्ये आखूड पट्ट्या बसवायच्या. येथे आखूड पट्टी ७२ ऐवजी ६४ बोटांची पुरते. तरीही बेरीज ३४४ झाली. तिसरी रीत म्हणजे तीन बाजूंना हा काठ लावून चौथ्या बाजूला दुसरे कापड जोडायचे.

"तसं नको," मुलगी म्हणाली. "ती बाजू पोरकी दिसेल."

आजीने चमकून नातीकडे पाहिले. पण ती काही बोलली नाही.

पाटीवरचे आकडे पुसून मुलगी पुन्हा विचार करू लागली. काठ कमी पडत होता तो कोपऱ्यांपाशी. मग कोपरे काठाचे नसलेच तर? प्रत्येक कोपऱ्यात चार बोटांचा एक वेगळा चौकोन बसविला, तर लांब पट्टी १०० बोटांची आणि आखूड पट्टी ६४ बोटांची लागेल. चार पट्ट्या मिळून ३२८ बोटे झाली. प्रत्येक टोक चौकोनाखाली एक बोट सारावयाचे, त्याची आठ बोटे. एकूण ३३६!

"आजी, पुरला! एक बोटही उरत नाही," ती आनंदाने ओरडली. "आणि चार कोपरे आपण चौघांचे करू या."

आजीच्या खणाच्या जुन्या चोळीचा एक तुकडा, वडिलांच्या पटक्याचा एक, भावाच्या कुंचीचा एक आणि मुलीच्या स्वतःच्या परकराचा एक, असे चार तुकडे निघाले. परकराचे कापड फारसे धुतलेले नव्हते. कोरे कापड पाण्यात आटते, म्हणून आजीने ते रात्रभर भिजत ठेवले. ओले तुकडे पांढऱ्या चिंधीवर दाबून रंग जातो की काय, हेही तिने पाहिले. मगच कात्री नातीच्या हाती दिली.

मुलीचा हात प्रथम थरथरला. परंतु काठ सरळ कापला गेला.

पट्टीचा मध्य गोधडीच्या कडेच्या मध्याशी जुळवून, मग टोके आणि त्यानंतर मधला भाग, अशा क्रमाने त्यांनी काठ कच्च्या दोऱ्याने टाचून घेतला. त्यामुळे कडेचे जादा ताणलेले अंग सर्वत्र सारखे सामावले. नंतर दाट धावदोऱ्याने पट्ट्या आणि शेवटी हातटिपेने कोपरे पक्के केले.

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या स्त्रिया 'कवंडी' नावाची गोधडी शिवतात. कडेपासून आरंभ करून त्या मध्याकडे येतात आणि चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची 'फुले' बसवितात. फुलांवाचून कवंडी त्यांना उघडी वाटते. आजीने कवंडीचे नावही ऐकले नव्हते. परंतु कोपरा रिता ठेवू नये, एवढे तिच्याही हाताला ठाऊक होते.

जूनमध्ये मुलगी वसतिगृहात गेली. पहिल्या रात्री कौलांवर पाऊस कोसळत होता आणि अनोळखी खोलीत तिला झोप येईना. तिने गोधडी गळ्यापर्यंत ओढली. अंधारात बोटे काठावरून सरकत सरकत कोपऱ्यापाशी आली. हातटिपेचे जाड टाके हाताला लागले. हा खणाचा कोपरा, म्हणजे आजीचा. तेथून काठ दोन्हीकडे निघाला होता. तो हातात धरून तिने डोळे मिटले.

स्वाध्याय

१. गोधडीचे आयुष्य कडेवर अवलंबून असते, असे लेखात का म्हटले आहे?
२. आजीने गोधडीचे माप मध्यावर घेण्यास का सांगितले?
३. "पेटीत ठेवलं तर ते पेटीचं, आणि गोधडीला लावलं तर तुझं." या वाक्याचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.
४. "ती बाजू पोरकी दिसेल," हे ऐकून आजीने नातीकडे चमकून का पाहिले असेल?
५. काठाची रुंदी तीन बोटे असती, तर चौकोनी कोपऱ्यांच्या रीतीने ३३६ बोटे काठ पुरला असता का? हिशेब करून सांगा.
६. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या वस्त्राची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.